गणपतराव आंदळकर : माती आणि गादी

महाराष्ट्रातील मल्लविद्येच्या इतिहासात १९६२ हे वर्ष विशेष लक्षणीय होय. त्या वर्षी जकार्ता येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत गणपतराव आंदळकर (१९३५–२०१८) यांनी हेवीवेट गटात दोन पदके मिळविली : मुक्त शैलीत रौप्य आणि ग्रीको-रोमन शैलीत सुवर्ण. हा क्रम प्रथमदर्शनी उलटा भासतो. मुक्त शैली ही आपल्या कुस्तीला जवळची. ग्रीको-रोमन शैलीत कमरेखालील पकड निषिद्ध असल्याने एकेरी-दुहेरी पट वा टांग यांसारखे अंगवळणी पडलेले डाव निरुपयोगी ठरतात. मग सुवर्ण तेथेच कसे लाभावे?

यावरून मातीची कुस्ती ग्रीको-रोमन शैलीसच पोषक आहे, असे अनुमान काढणे घाईचे होईल. त्याच स्पर्धांत मारुती माने यांनी ९७ किलो गटात मुक्त शैलीत सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्य पटकाविले. दोघेही सांगली जिल्ह्याचे; आंदळकर शिराळा तालुक्यातील पुनवतचे, तर माने कवठे पिरानचे. एकाच परंपरेतून परस्परविरुद्ध फळे निघाली, याचा अर्थ तालमीने दिले ते विशिष्ट शैलीचे कौशल्य नव्हे. बल, तोल आणि पकड ही त्यांची समान पुंजी होय.

१९६० साली ‘हिंदकेसरी’ झालेल्या आंदळकरांपुढे खरा प्रश्न होता तो नियमांचा. मातीवर चितपट हाच निर्णय. गादीवर घड्याळ आणि गुण यांचीही सत्ता चालते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते उतरले, परंतु पदक मिळाले नाही; मुक्त शैलीतील हेवीवेटचे सुवर्ण सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र इवानित्स्की यांच्याकडे गेले. खाशाबा जाधवांचे १९५२ चे हेलसिंकीतील कांस्यपदक ५७ किलो गटातील होते, हेही येथे ध्यानात घ्यावे. आशियात पुरेशी ठरलेली पुंजी जागतिक हेवीवेट गटात अपुरी पडली.

तथापि ही विद्या परक्याला बिचकणारी कधीच नव्हती. ‘मल्ल’ संस्कृत, ‘कुस्ती’ व ‘पैलवान’ फारसी, ‘तालीम’ अरबी; तिची परिभाषाच अनेक स्वीकारांची साक्ष देते. परदेशी साधनालाही मराठीने ‘गादी’ हा घरचाच शब्द दिला. शब्द सहज रुळला. त्यामागील सराव रुळण्यास मात्र काळ लागला. पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून आंदळकरांनी मल्लांच्या पिढ्या घडविल्या. त्यांच्या कारकीर्दीचे मोल केवळ पदकांच्या संख्येवरून ठरवू नये, ते यासाठीच.