हत्यार कोणाच्या हाती?

हत्यारांचा विषय निघाला की आपण लगेच पराक्रमाकडे वळतो. पोवाड्यातली तलवार, संग्रहालयातला दांडपट्टा, किल्ल्यावरची तोफ. मला मात्र आज हत्याराकडे कायद्याच्या पुस्तकातून पाहायचं आहे. कोणत्या देशात कोणाला हत्यार बाळगता येत होतं आणि कोणाला नाही, एवढं पाहिलं की तिथल्या राज्यकर्त्यांचा कोणावर भरवसा होता ते कळतं. बखरी वाचूनही ते इतकं नेमकं कळत नाही.

जपानचंच पाहा. १५८८ साली तोयोतोमी हिदेयोशी याने फर्मान काढलं, की शेतकऱ्यांनी तलवारी, भाले, धनुष्यं, बंदुका सरकारजमा कराव्यात. या लोखंडाचे खिळे करून बुद्धाच्या भव्य मंदिरासाठी वापरू, म्हणजे तुमचा इहलोकही साधेल आणि परलोकही, असं गोड आश्वासन त्यात होतं. हिदेयोशी स्वतः सामान्य कुळातून तलवारीच्या बळावर वर आलेला. आपण ज्या शिडीने चढलो ती त्याने काढून घेतली. पुढे सुमारे तीनशे वर्षं तलवार ही सामुराईची मिरास राहिली, आणि १८७६ मध्ये नव्या सरकारने सामुराईंनाही ती कमरेला लावून हिंडायला बंदी केली.

इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कांच्या सनदेत स्वसंरक्षणासाठी हत्यार बाळगण्याची मुभा आहे, पण कोणाला? प्रोटेस्टंट प्रजाजनांना, तीही त्यांच्या दर्जाप्रमाणे आणि कायद्याच्या मर्यादेत. आधीचा राजा दुसरा जेम्स कॅथलिक होता. त्याने प्रोटेस्टंटांची हत्यारं काढून घेतली आणि कॅथलिकांच्या हाती दिली, ही तक्रार त्याच सनदेत नोंदलेली आहे. म्हणजे भांडण हत्याराचं नव्हतंच, आपला कोण आणि परका कोण याचं होतं.

अमेरिकेने १७९१ मध्ये हा हक्क राज्यघटनेतच घातला आणि तो ‘लोकांचा’ आहे असं म्हटलं. त्या ‘लोकांत’ गुलाम नव्हते. गुलामगिरी संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने कायदा केला, की मुक्त झालेल्या काळ्या माणसाने परवान्याशिवाय बंदूक ठेवायची नाही. १९५६ मध्ये माँटगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. अहिंसेचा हा पुजारीही एकदा परवान्याच्या रांगेत उभा राहिला होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. मला त्यात त्यांचा कमीपणा वाटत नाही. घरात बायको आणि तान्हं मूल होतं.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे.

भारतीय दंडविधानाचा मसुदा मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये तयार केला. कायदा झाला तो १८६० मध्ये. त्यात प्रत्येकाला स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं, मालमत्तेचं रक्षण करण्याचा हक्क दिला होता. मसुदाकारांची तक्रार अशी, की इथले लोक दरोडेखोरांपुढे फार लवकर मान तुकवतात. कायद्याने त्यांना अधिक भित्रं करू नये. आणि त्याच राजवटीने १८७८ मध्ये शस्त्रास्त्र कायदा आणून परवान्याशिवाय हत्यार ठेवणं गुन्हा ठरवलं. सत्तावनची धास्ती अजून होतीच. हात उचलायचा हक्क दिला, हातातलं काढून घेतलं. युरोपियन आणि युरेशियन लोकांना या कायद्यातून सूट होती. कुर्गच्या कोडवा लोकांनाही सूट मिळाली, कारण ते इमानदार ठरले होते. ती सूट आजही चालू आहे.

मी कवितेच्या गावचा माणूस, म्हणून एक गोष्ट मला विशेष वाटते. त्याच १८७८ मध्ये, त्याच लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदा केला. चारेक वर्षांत, लॉर्ड रिपनच्या काळात, तो रद्द झाला. बंदुकीचा मात्र राहिला. यावरून सरकारला लेखणीपेक्षा बंदुकीची भीती जास्त होती असं कोणी म्हणेल. म्हणू द्या.

१८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. तिथे या कायद्यात बदल मागणारा ठराव झाला. कायद्याचा जाच होतो ही एक तक्रार होती. पण खरी सल दुसरी होती. साऱ्या देशावर अविश्वासाचा शिक्का बसला होता. पुढे १९१८ मध्ये गांधीजींनी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पत्रक काढलं, तेव्हा त्यांनीही एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांतलं सर्वांत काळं कृत्य ठरवला. १९३१ च्या कराची ठरावात तर नागरिकांच्या मूलभूत हक्कांमध्ये, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला.

इथे थोडं माझं सांगतो. १९९३ च्या जानेवारीत मी मुंबईच्या एका उपनगरात राहत होतो, विशी नुकतीच ओलांडलेली. दंगलीच्या त्या रात्री आमच्या गल्लीत पहारा असे. कोणाकडे हॉकी स्टिक, कोणाकडे लोखंडी पाइप. माझ्या हाती खाटेचा पाय होता. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरही माणसं जागी होती. त्यांच्या काठ्या आमच्या भीतीने उचललेल्या, आमच्या त्यांच्या. दोन्हीकडे जो तो स्वसंरक्षणच करत होता. त्या गल्लीत कोणाकडे बंदूक नव्हती, म्हणून मी त्या कायद्याला मनातल्या मनात दुवा दिली. तय्यबजींचा अपमान मला समजतो, तरीही दिली.

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये हाच पेच उभा राहिला. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती सुचवली, की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. कराचीचा ठराव त्यांच्या बाजूने होता. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. ज्या महार समाजाला लष्करात भरती व्हायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदी झाली, त्या समाजातल्या सुभेदाराचा हा मुलगा. हातातलं हत्यार काढून घेतल्याचा अपमान त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी सांगितलं, की ती मागणी इंग्रजांनी देश निःशस्त्र केला होता त्या काळातली. आता परिस्थिती बदलली आहे. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवी ती मारक साधनं विकत घेता आली, तर राज्याचा कारभार चालायचा कसा? दुरुस्ती फेटाळली गेली.

शिखांच्या कृपाणाला पंचविसाव्या अनुच्छेदात वेगळं संरक्षण मिळालं. बाकीच्या आपल्या सगळ्यांसाठी एकोणिसाव्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचा हक्क आहे, तो शांततेने आणि शस्त्राविना. स्वसंरक्षणाचा मेकॉलेकालीन हक्कही शाबूत आहे. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ३४ ते ४४ या कलमांत तो सापडतो. त्यातली जुनी अटही कायम आहे: पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क उरत नाही.