वाय-फाय रिपीटर (कूटबद्ध नेटवर्कवरील)

राउटरच्या लहरी मध्येच पकडून पुढच्या खोल्यांपर्यंत पोचवणारे उपकरण. पुण्यात त्याची गरज मुख्यतः बांधकामामुळे पडते. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या विटा-मातीच्या जाड भिंती आणि नव्या इमारतींतले सळयांचे काँक्रीट, दोन्ही लहरींना अडवतात. ओसरीवरच्या राउटरची रेंज माजघर ओलांडून स्वयंपाकघरात जाईपर्यंत एका कांडीवर येते. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झपेक्षाही आधी हार खातात.

कूटबद्ध नेटवर्कवर रिपीटरचे काम नुसती रेंज वाढवण्याचे नसते. डब्ल्यूपीए2 या कूटबद्धतेच्या पद्धतीत राउटर आणि उपकरण यांच्यात चार संदेशांची देवघेव होऊन त्या जोडीपुरती स्वतंत्र किल्ली तयार होते. रिपीटर राउटरच्या लेखी ग्राहक असतो आणि मोबाइलच्या लेखी राउटर. एका किल्लीने आलेला मजकूर तो उलगडतो, दुसऱ्या किल्लीने बंद करून पुढे धाडतो. म्हणून घराचा पासवर्ड त्याला द्यावाच लागतो. दोन्ही बाजूंना एकच रेडिओ वापरला, तर वेग साधारण निम्मा होतो. कॉलेज-वसतिगृहांत बरेचदा प्रत्येकाला वेगळे युजरनेम असते. तिथे साधा घरगुती रिपीटर सहसा जोडलाच जात नाही.

रिपीटर जोडण्याच्या जुन्या डब्ल्यूडीएस पद्धतीत कंपन्यांचा एकमेळ नव्हता. दोन कंपन्यांची यंत्रे जुळवायची तर बरेचदा डब्ल्यूईपी या कमकुवत कुलपावर यावे लागे, आणि ते कुलूप तर 2001 मध्येच फोडून दाखवले गेले होते. जोडणी होत नाही म्हणून पासवर्डच काढून टाकणे हा त्याहून वाईट उपाय. 26 जुलै 2008 च्या अहमदाबाद स्फोटांआधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका रहिवाशाच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात निघाले. त्या रहिवाशाला चौकशीला सामोरे जावे लागले.

2017 मध्ये उघड झालेला ‘क्रॅक’ हा दोष मुख्यतः ग्राहक-उपकरणांच्या किल्लीच्या देवघेवीत होता. रिपीटरही ग्राहकच असल्याने तोही त्याच्या कक्षेत येतो. पण राउटर बदलणारी घरे भिंतीतल्या प्लगवरचा रिपीटर वर्षानुवर्षे तसाच ठेवतात, हे धोक्याचे आहे. त्याचे फर्मवेअर अद्ययावत करावे आणि जोडणी झाल्यावर डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडण्याची सोय) बंद करावे.

रेंज जिथे संपते तिथे रिपीटर लावून उपयोग नाही. त्यालाच चांगली रेंज मिळायला हवी. वाड्यात त्याची जागा माजघरातच.