दामल्यांचा कान

मेढ्यात एका आप्तांकडे 'संत तुकाराम' (१९३६) आम्ही पुन्हा पाहिला. वेण्णेकाठच्या रात्रीच्या शांततेत ध्वनिपट्टीची खरखर जरा जास्तच जाणवली. तरीही विष्णुपंत पागनिसांचे शब्द तिच्यात बुडाले नाहीत.

मराठी बोलपटाच्या इतिहासात दिग्दर्शक आणि नट यांविषयी विपुल लिहिले गेले, आवाजाची पारख करणाऱ्याविषयी त्या मानाने थोडे. विष्णुपंत दामले फत्तेलालांसह या चित्रपटाचे दिग्दर्शक, हे सर्वांना ठाऊक असते. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'चे ध्वनिमुद्रण त्यांनीच सांभाळले होते, हे मात्र आमच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते.

त्या काळी आवाज प्रकाशाच्या साहाय्याने फिल्मवरच उमटवला जाई. नेमके काय उमटले ते फिल्म धुऊन झाल्यावरच कळे. धुलाई-छपाईत गडदपणा थोडा कमीअधिक झाला, तरी 'स', 'श' यांसारखे वर्ण फाटून ऐकू येत. (अभंगाच्या बाबतीत ही केवळ तांत्रिक बाब कशी म्हणावी?) शिवाय प्रतीवर आवाज आपल्या चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापावा लागे, ते अंतर चुकले की ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. छपाईतला दोष नवी प्रत काढून सुधारता येई. मूळ मुद्रणातच दोष असेल, तर बहुधा प्रसंगच पुन्हा चित्रित करावा लागे, म्हणजे फिल्म, वेळ आणि पैसा पुन्हा.

'पुन्हा घ्या' असे म्हणणारे दामले 'प्रभात'चे एक भागीदारही होते. त्यांच्या कानाचा खर्च काही अंशी त्यांच्याच खिशातून जात होता.