विहीर बंदिस्त करणे (मुंबई)

वरचे दूषित पाणी, डास व अपघात यांपासून विहिरीचे रक्षण करणारे बांधकाम. 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी येईपर्यंत गिरगाव-परळची तहान विहिरी-तलावांवरच भागे. विहिरींत मलेरियाचे डास वाढतात, हे मलेरियाची पाहणी करणाऱ्या बेंटली यांच्या 1911 च्या अहवालाने दाखवले. पालिकेने विहिरी झाकायला लावल्या, त्याला धार्मिक विरोधही झाला.

विंधनविहीर (बोअरवेल) बंदिस्त करताना केसिंग पाइप, म्हणजे भोकाला आतून आधार देणारा नळ, भराव व मुरूम ओलांडून पक्क्या कातळात रोवतात. पाइप आणि भोकाची भिंत यांमधली पोकळी सिमेंटच्या पातळ मिश्रणाने तळातून वर भरत न्यावी; वरून ओतल्यास आत पोकळ्या राहतात व गटाराचे पाणी तिथूनच झिरपते. दाट चाळवस्तीत हीच कसोटीची पायरी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निर्देशांनुसार केसिंगभोवती 0.50×0.50×0.60 मीटरचा काँक्रीट ओटा, निम्मा जमिनीखाली, आणि तोंडावर पक्के झाकण बंधनकारक आहे.