रायफलच्या काडतुसांचे पुनर्भरण

गोळी झाडली की काडतुसातील दारू जळून जाते आणि गोळी नळीतून बाहेर पडते. पितळी पुंगळी मात्र शाबूत राहते. काडतुसाचा बहुधा सर्वांत महाग भाग हाच. ही पुंगळी पुन्हा भरून वापरणे म्हणजे पुनर्भरण होय. अमेरिकेत अनेक नेमबाज व शिकारी हे काम घरीच करतात. त्यात खर्च वाचतो, शिवाय आपल्या रायफलला मानवणारे काडतूस जुळवता येते.

पुंगळीच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी, म्हणजे प्रायमर, असते. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत ठिणगी आत जाण्यासाठी मधोमध एकच छिद्र असते. त्यातून पिन घालून जुना प्रायमर सहज काढता येतो. बर्डन पद्धतीत सहसा दोन छिद्रे असल्याने हे काम अवघड होते. गंमत अशी, की इंग्रज अधिकारी बॉक्सर यांची रचना अमेरिकेत रुजली, तर अमेरिकी बर्डन यांची युरोपात.

साध्या प्रेसवर एका वेळी एकच क्रिया होते. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये फिरत्या तबकडीवर अनेक पुंगळ्या उभ्या असतात. दांडा एकदा ओढला की प्रत्येक पुंगळीवर निराळी क्रिया घडते : पहिलीचा आकार पूर्ववत होऊन जुना प्रायमर निघतो व नवा बसतो, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते, चौथीची कड आवळली जाते. अशा प्रकारे दर ओढीला एक काडतूस तयार होते. डिलन कंपनीच्या ५५० या प्रेसमध्ये चार टप्पे असून तबकडी हाताने फिरवावी लागते. ६५० मध्ये पाच टप्पे होते व तबकडी आपोआप फिरे.

पिस्तुलाच्या सरळ पुंगळीसाठी ही पद्धत सोपी आहे. रायफलची पुंगळी मात्र बाटलीसारखी, निमुळत्या मानेची असते. आकार देण्यापूर्वी तिला वंगण लावले नाही, तर ती डायमध्ये घट्ट अडकते. वापरागणिक तिची लांबी वाढते, म्हणून ती मोजून कापावी लागते. त्यामुळे अनेकजण हे काम दोन फेऱ्यांत करतात : आधी पुंगळ्या घडवून, पुसून, कापून घेणे आणि नंतर भरणे.

खरा धोका दारूच्या मापात असतो. हे माप ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. बारीक गोल कणांची दारू मापकातून सुरळीत पडते. लांबट कांड्यांची दारू मात्र मध्येच अडकते. मग एका पुंगळीत कमी, तर पुढचीत जास्त पडते. दारू पडलीच नाही, तर प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरून रुतू शकते आणि मागून दुसरी झाडल्यास नळी फुटते. .३०८ विंचेस्टरमध्ये कमाल दाब दर चौरस इंचास ६२ हजार पौंड धरला जातो, आणि नेमबाजाचा चेहरा त्यापासून काही इंचांवरच असतो.

म्हणूनच जाणकार पुस्तिकेतील कमाल मापाच्या सुमारे दहा टक्के खालून सुरुवात करतात, टेबलावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवतात, ठरावीक काडतुसांनंतर वजन तपासतात आणि गोळी ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावतात. काम मध्येच थांबले, तर तबकडी रिकामी करून नव्याने सुरुवात केली जाते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसांचे उत्पादन परवान्याशिवाय करता येत नाही.