मुरुड ते मुंबई : सरळ रेघ आणि खरी वाट

नकाशावर पट्टी ठेवून बघा. गेटवे ऑफ इंडिया ते मुरुड, सरळ रेघेत जेमतेम ६७ किलोमीटर. तेच गाडीने पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा करत गेलात की दीडशेच्या आसपास, आणि वेळ चार तासांच्या पुढे. शनिवारी सकाळी वडखळला अडकलात तर विचारूच नका.

आता दुसरं अंतर. मुंबई विमानतळ ते सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ, सरळ रेघेत साधारण ३५० किलोमीटर. ९ ऑक्टोबर २०२१ ला ही सेवा सुरू झाली, अलायन्स एअरचं ७० आसनी एटीआर विमान. प्रवास सव्वा ते दीड तासाचा. म्हणजे पाचपट लांबचा माणूस चिपीला उतरून चहा प्यायचा, तेव्हा मुरुडकर अजून वाटेतच!

असं का? कारण आपल्या किनाऱ्याला खाड्या आहेत. आधी धरमतर, मग कुंडलिका. मुरुडच्या खाली राजपुरीची खाडी, तिथे आजही आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने जावं लागतं. रस्त्याला वळसा घालावाच लागतो. विमानाला आणि बोटीला तो लागत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांची सरळ रेघ समुद्रातूनच जायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटी आल्या आणि कोकणातली बंदरं मुंबईला जोडली गेली. बोट लांब उभी राहायची, पडावातून माणसं आणि गाठोडी किनाऱ्याला यायची. पावसाळ्यात लांबच्या फेऱ्या बंद. धोकाही होताच. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. गटारी अमावस्येचा दिवस होता तो.

पुढे रस्ते झाले, एसटी आली, आगबोटी एकेक करून थांबल्या. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण ती रोह्यावरून आतून गेली. मुरुड जिथल्या तिथे.

आणि चिपीचं काय झालं? ‘उडान’ योजनेत तोटा भरून काढायला सरकारी पैसा मिळतो, पण तीन वर्षंच. मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अलायन्स एअरची ही मुंबई सेवा थांबली. धावपट्टी तिथेच होती, ३५० किलोमीटरही तेवढेच होते. विमान नाही म्हटल्यावर चाकरमान्याचा दीड तास पुन्हा रात्रभराचा झाला.

आता नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय. मुरुडहून सरळ रेघेत पंचाहत्तरेक किलोमीटर. रेवस-करंजा पूल झाला की वळसा कमी होईल. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून आपण तो ऐकतोय. मार्च २०२० पासून मांडव्याला रो-रो येते, गाडीसकट तासाभरात. पण मांडव्यापासून मुरुड पुन्हा रस्त्यानेच.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी कुणी स्टेजवरून “अंतर इतक्या मिनिटांवर आलं” म्हणालं, की टाळ्या वाजवा, पण तीन प्रश्नही विचारा. पावसाळ्यात चालणार का? तिकीट आपल्याला परवडणार का? आणि अनुदान संपल्यावर चौथ्या वर्षी कोण चालवणार?