वारणेचा संगणक घरात का आला नाही?
मंडळी, राहुरीत आपल्याला उसाच्या नोंदीचं महत्त्व सांगायला नको. लागण कधीची, तोड कधी, वजन किती भरलं, सगळा जीव त्या आकड्यांत. १९९८ साली वारणानगरला हेच आकडे संगणकावर आले आणि सत्तरएक गावांसाठी केंद्रं उघडली. संगणक गावापर्यंत आला. घरात मात्र आला नाही. पुढे अभ्यासकांनी पाहिलं, तर त्याचा वापर जवळजवळ ऊस-खताच्या नोंदींपुरताच. मग सात गावांत त्याच्या जागी मोबाइल ठेवून पाहिला. एसएमएसवर तेच काम स्वस्तात झालं. हिशेब चोख होता, पण तो कारखान्याच्या कामाचा. घरातल्या पोरांचा विचार त्यात कुठे होता?

तो विचार २००७ साली खैरातच्या छोट्या शाळेत झाला. तालुका कर्जत, पण आपल्या नगरचं नव्हे, रायगडातलं. तिथे मुलांना लॅपटॉप मिळाले, तेही घरी न्यायला. ‘शंभर डॉलरचा’ म्हणून गाजलेलं ते यंत्र प्रत्यक्षात जवळपास दुप्पट किमतीला पडलं, आणि केंद्राच्या शिक्षण खात्याने तर २००६ मध्येच या कल्पनेला नकार दिला होता.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा कितीतरी घरांत मोबाइल एकच होता. तो बापाबरोबर रानात जायचा.